खारी हवा आणि जुने कन्सोल: पिवळ्या कॅसेटपासून पीएस४पर्यंत काय मूळ यंत्रावर ठेवावे, काय नाही

समुद्रवारा (धागालेखिका)

घर गोव्यातल्या बार्देशात, समुद्र चालत पाच-सात मिनिटांवर. जून लागला की चामड्याच्या चपलेपासून पुस्तकांपर्यंत सगळ्याला बुरशी. कपाटात हे सामान आहे:

१) पिवळ्या कॅसेटी लागणारा टीव्ही गेम. मागे फक्त अँटेनाची पिन. दोन पॅड, एक बंदूक.
२) गेम बॉय अ‍ॅडव्हान्स, सोबत पोकेमॉन गोल्ड आणि एमराल्ड.
३) जाडा पीएस२ (प्लेस्टेशन २). तारवटी, म्हणजे बोटीवर काम करणाऱ्या, नातेवाइकाने अमेरिकेहून आणलेला, इथे अजून प्लगात घातलेला नाही.
४) पीएस४, अगदी पहिले मॉडेल.

टीव्ही नवा, त्याला एचडीएमआयखेरीज काही नाही. चवथीला (गणेशचतुर्थीला) घर भरते तेव्हा निदान चौघांना एकत्र खेळता यायला हवे. यातले काय दुरुस्त करण्याजोगे आहे, काय सरळ एम्युलेटरवर (संगणकावर जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) न्यावे आणि पावसाळ्यात हे सगळे ठेवायचे कसे? म्हापसा-पणजीत मिळेल अशा सामानातले उपाय आधी सांगा.

कथील

आधी क्रमांक तीन. तो पीएस२ भिंतीच्या प्लगात घालू नका. प्लग बदलणारा दहा रुपयांचा अडॅप्टर लावून तर मुळीच नाही. अमेरिकी जाड्या पीएस२चा पॉवर सप्लाय आत असतो आणि तो १२० व्होल्टचा आहे. २३० दिले की फ्यूज उडतो, सोबत सप्लायमधला मुख्य कपॅसिटर फुगतो. यंत्र उलटे करून लेबल वाचा. '१००-२४० व्होल्ट' लिहिले असेल तर निर्धास्त. नुसते '१२० व्होल्ट' असेल तर २३०चे १२० करणारा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागेल, २०० व्हीएचा पुरतो. हातात जड लागेल असा, तांब्याच्या वेटोळ्यांचा घ्या. प्रवासात हेअर ड्रायरसाठी मिळतो तो हलका डबा इथे चालत नाही, तो लहर कापून देतो. ५० आणि ६० हर्ट्झच्या फरकाची चिंता नको, आतला सप्लाय स्विचिंग आहे.

हाच नियम बोटीवरून किंवा जपान-अमेरिकेतून आलेल्या प्रत्येक यंत्राला. जपानी यंत्रे १०० व्होल्टची. पीएस४-पीएस५ला सहसा अडचण येत नाही, तरी लेबल वाचायला दोन सेकंद लागतात.

बाहेरच्या अडॅप्टरवर चालणाऱ्या यंत्रांत व्होल्टइतकेच ध्रुव महत्त्वाचे. सेगा मेगा ड्राइव्हच्या पहिल्या मॉडेलला पिनच्या मध्यभागी ऋण, दुसऱ्या मॉडेलला मध्यभागी धन. निन्टेन्डोच्या जपानी फॅमिकॉमला १० व्होल्ट डीसी, मध्यभागी ऋण. त्याच यंत्राच्या अमेरिकी आवृत्तीचा, एनईएसचा, अडॅप्टर तर ९ व्होल्ट एसी देतो, तो फॅमिकॉमला लावला तर संपलेच. क्लोनला, म्हणजे तुमच्या क्रमांक एकसारख्या नकली यंत्राला, बहुधा ९ व्होल्ट डीसी लागतो, पण ध्रुव कंपनीगणिक बदलतात. डब्यावरचे वर्तुळाचे चिन्ह बघितल्याशिवाय काहीही जोडू नका.

पिवळीकॅसेट

क्रमांक एक माझ्याकडे सोपवा.

तुमचा टीव्ही गेम म्हणजे फॅमिकॉमची नक्कल. मूळ फॅमिकॉम जपानमध्ये १९८३ साली आला. त्याची कॅसेट ६० पिनांची, अमेरिकी एनईएसची ७२ पिनांची. आपल्याकडे घरोघरी आले ते ६० पिनांचे क्लोन. आत बहुतेकदा एकच चिप असते आणि तिच्यावर काळ्या इपॉक्सीचा थेंब. त्या चिपला दुरुस्ती नाही. ती गेली तर दुसरा क्लोन आणायचा. पण दहापैकी नऊ वेळा चिप शाबूत असते आणि बिघाड दुसरीकडेच असतो: स्लॉट, पॅडचे रबर, अडॅप्टर.

स्लॉट असा साफ करा. एटीएम कार्डाच्या जाडीचे जुने प्लास्टिक कार्ड घ्या, त्यावर सुती फडक्याचा एकच पदर गुंडाळा, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर करा. ओलसर म्हणजे थेंब गळता कामा नये. स्लॉटमध्ये आठ-दहा वेळा सरळ आतबाहेर करा, बाजूला हलवू नका. कॅसेटच्या पिनांना कापसाची काडी, पिनेच्या दिशेने वरून खाली. आडवी फिरवली तर कापूस पिनांत अडकतो. हिरवा थर असेल तर आधी पांढरा मऊ खोडरबर हलक्या हाताने, मग अल्कोहोल. सँडपेपर लावाल तर वरचा मुलामा जाईल आणि पुढच्या पावसाळ्यात तीच पिन तिप्पट वेगाने गंजेल. दहा मिनिटे वाळू द्या, मगच वीज.

आणि कॅसेटीत फुंकर मारणे बंद! फुंकर मारून चालते असे वाटते, कारण आपण कॅसेट काढून पुन्हा घालतो आणि पिन जरा वेगळ्या जागी टेकते. थुंकीतली वाफ मात्र आत राहते. किनाऱ्यावर तर आधीच हवेत मीठ.

पॅडचे बटण दाबले जात नसेल तर मागचे स्क्रू काढा. रबराखालच्या काळ्या टिकल्या आणि बोर्डावरचे काळे पट्टे अल्कोहोलने पुसा. टिकली झिजली असेल तर ६बी पेन्सिल तिच्यावर घासा. ही मलमपट्टीच, पण दोन-तीन महिने जातात. एक सूचना: क्लोनच्या पॅडची ९ पिनांची खोबण आणि मेगा ड्राइव्हच्या पॅडची पिन दिसायला सारखी असते. आतली जोडणी वेगळी आहे. एकाचा पॅड दुसऱ्याला लावू नका.

दोनशेचाळीसपी

अँटेनाच्या पिनेचे काय करायचे ते मी सांगतो, कारण पिवळीकॅसेट आता खेळांकडे वळतील आणि चित्र दिसण्याआधीच मारिओ सुरू करतील.

डबा उघडला की एका कोपऱ्यात पत्र्याची चौकोनी डबी दिसेल. तीच आरएफ मॉड्युलेटर. तिच्यात बोर्डाकडून चार तारा जातात: ५ व्होल्ट, ग्राउंड, व्हिडिओ, ऑडिओ. व्हिडिओ आणि ऑडिओ डबीत शिरण्याआधीच तिथून घेऊन मागे पिवळी-पांढरी आरसीए खोबण बसवायची. चित्र काळपट किंवा पट्ट्यापट्ट्यांचे आले तर एका ट्रान्झिस्टरचा बफर लागतो. टीव्ही दुरुस्त करणारा कुठलाही जुना मेकॅनिक हे अर्ध्या तासात करून देईल. त्याला 'एव्ही आउट काढून द्या' एवढेच सांगा.

आता एव्हीपासून एचडीएमआय. बाजारात मिळतो तो छोटा पांढरा किंवा काळा डबा चित्र दाखवेल, पण का कुरूप दाखवतो ते समजून घ्या. जुनी यंत्रे एका वेळी २४० ओळींचे पूर्ण चित्र पाठवतात, एकाआड एक ओळी नव्हेत. स्वस्त डबा त्याला ४८०आय, म्हणजे एकाआड एक ओळींचे चित्र, समजतो आणि दोन फ्रेम एकमेकांत मिसळतो. परिणाम: मार खाल्लेला मारिओ लुकलुकायच्या ऐवजी कधी गायब, कधी भुतासारखा अर्धा. वर एक-दोन फ्रेमचा उशीर. ६० हर्ट्झला एक फ्रेम म्हणजे १६.७ मिलिसेकंद, ५०ला २०. टीव्हीचा स्वतःचा उशीर वेगळा. उडी मारायच्या खेळात हे सगळे बोटाला कळते.

दोन उपाय आहेत. पैसे असतील तर रेट्रोटिंक २एक्स किंवा त्याच्या वरचे मॉडेल, त्याला २४०पी ओळखता येते. ओएसएससी घेऊ नका, त्याला कंपोझिट (पिवळ्या पिनेचे चित्र) घेताच येत नाही आणि तुमच्या क्लोनमधून दुसरे काही निघणार नाही. पैसे नसतील तर भंगारातून २१ इंची सीआरटी, म्हणजे जुना काचेच्या ट्यूबचा टीव्ही, आणा. नव्या टीव्हीवर खेळणार असाल तर 'गेम मोड' चालू करायला विसरू नका. तो प्रत्येक एचडीएमआय खोबणीला वेगळा लावावा लागतो.

बंदुकीबद्दल: नव्या टीव्हीवर ती चालणार नाही, कन्व्हर्टर कितीही महाग असो. घोडा दाबला की पडदा एका फ्रेमपुरता काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो आणि बंदुकीतला सेन्सर तो उजेड त्याच क्षणी शोधतो. एलसीडी तो चौकोन उशिरा दाखवतो, आणि सीआरटीसारखा १५ किलोहर्ट्झच्या स्कॅनचा झोतही देत नाही. म्हणजे बंदूक हवी तर सीआरटी हवाच.

मैदान

सगळे बरोबर, पण एवढी खटपट बॅटल सिटीसारख्या रणगाड्यांच्या खेळासाठी? पाचशे रुपयांचा यूएसबी पॅड, जुना लॅपटॉप, एचडीएमआय केबल. रेट्रोआर्क या एम्युलेटरमध्ये 'रन-अहेड' एक फ्रेम लावला की उशीरही मूळ यंत्राइतका खाली येतो. किनाऱ्यावरच्या घरात ८-बिट यंत्र जपणे म्हणजे पात्रांव, हौसेचा मामला. गरजेचा नव्हे.

पिवळीकॅसेट

हौसेचाच आहे, कोण नाही म्हणतो. पण क्लोनचा आवाज एम्युलेटरवर येत नाही. यातल्या अनेक चिपांत चौकोनी लहरीच्या दोन रुंदींची अदलाबदल झालेली असते. म्हणून आपल्या कानात बसलेला मारिओ आणि मूळ निन्टेन्डोचा मारिओ यांचे सूर वेगळे वाटतात. एम्युलेटर मूळ यंत्राची नक्कल करतो, आपल्या नकलेची नाही.

'९९९९९९ इन १' कॅसेटचे गणितही सांगून टाकतो. आत खरे खेळ बहुधा मूठभर. बाकीच्या नोंदी म्हणजे तोच खेळ पुढच्या पातळीपासून किंवा जास्त जीव देऊन. त्यात लहान खेळच का असतात? सुपर मारिओ ब्रदर्स (१९८५) सगळा मिळून ४० केबी, एक्साइटबाइक, बॅटल सिटीही याच जातीचे, कॅसेटीत जादा चिप लागत नाही. कॉन्ट्राला १२८ केबी आणि बँक बदलणारे सर्किट लागते, म्हणून तो सहसा वेगळ्या कॅसेटीत. जपानी फॅमिकॉमचा कॉन्ट्रा मिळाला तर सोडू नका. त्यात पानांची हालचाल आणि मधली दृश्ये आहेत, ती अमेरिकी आवृत्तीत कापली. तीस जिवांसाठी वर वर खाली खाली डावे उजवे डावे उजवे बी ए, हे इथे कुणाला सांगायला नको.

चवथीला आलेल्या पोरांना दोघादोघांनी बसवायचे तर बॅटल सिटीचा 'कन्स्ट्रक्शन'. स्वतः भिंती रचून खेळायचा. त्याच्याइतके भांडण दुसरा कुठलाही ८-बिट खेळ लावत नाही.

कथील

क्रमांक दोन, गेम बॉय. इथे घाई आहे.

पोकेमॉन गोल्डमधली नोंद (सेव्ह केलेला खेळ) एसरॅम या मेमरीवर असते आणि तिला बॅटरी जगवते, सीआर२०२५. त्याच बॅटरीवर घड्याळही चालते, म्हणून ती इतर कॅसेटींपेक्षा लवकर मरते. बॅटरी गेली की नोंद गेली. एमराल्डचे उलटे: नोंद फ्लॅशवर, बॅटरी (सीआर१६१६) फक्त घड्याळाला. ती संपली की सुरुवातीला सूचना येते, वेळेवर अवलंबून असलेल्या गोष्टी थांबतात, म्हणजे बेरीची झाडे वाढत नाहीत, पण तुमचे पोकेमॉन जागेवर असतात. तेव्हा आधी गोल्ड.

एक: बॅटरी काढण्यापूर्वी नोंद बाहेर काढून घ्या. जीबीएक्सकार्टसारखा वाचक यूएसबीला लावला की सेव्ह फाइल संगणकावर उतरते. बॅटरी बदलल्यावर तीच परत चढवायची.

दोन: गोल्डच्या कॅसेटला ३.८ मिमीचा गेमबिट लागतो, एमराल्डला तीन पात्यांचा ट्राय-विंग. साधा फुली स्क्रूड्रायव्हर दाबून फिरवला की स्क्रूचे डोके जाते.

तीन: मल्टिमीटर. नवी बॅटरी ३ व्होल्टच्या वर दाखवते. २.६च्या खाली दिसली की बदला, 'अजून चालते' म्हणून थांबू नका.

चार: बॅटरी पत्रे जोडलेलीच घ्या. नुसत्या नाण्यासारख्या बॅटरीवर सोल्डरिंगची इस्त्री टेकवू नका, लिथियम फुटते. इस्त्री साधारण ३५० अंशांवर, प्रत्येक टाक्याला दोन-तीन सेकंद. धन-ऋण बोर्डावर छापलेले असते. जुनी बॅटरी काढण्यापूर्वी फोटो काढा.

बाजारात एमराल्डच्या नकली कॅसेटी फार. खरी हिरवी आणि आरपार दिसणारी. लेबलवर उजेड तिरका पाडला की दोन अंकांचा दाबलेला ठसा दिसतो. पिनांच्या वरच्या फटीतून बोर्डावर निन्टेन्डोचे नाव वाचता येते. नकलीत नोंदही बॅटरीवर असू शकते, तेव्हा वरचे 'जागेवर असतात' हे वाक्य तिला लागू नाही.

पावसाळी_पॅड

साठवणीबद्दल. गोव्यात कन्सोल वापराने मरत नाहीत, कपाटात मरतात. पावसाळ्यात खोलीतली आर्द्रता आठवडेच्या आठवडे ८५-९०च्या घरात. वर मीठ, जे स्वतःच पाणी ओढते. धातूवर मिठाचा पापुद्रा असेल तर तो खोली कोरडी वाटली तरी ओलाच राहतो.

रबरी कडा आणि चिमटे असलेला वीस लिटरचा प्लास्टिकचा डबा, पाव किलो सिलिका जेल, एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक. काटा ४० ते ५०मध्ये ठेवा. ३०च्या खाली नेण्यात फायदा नाही. जेल नारिंगी रंगाची घ्या, ती भिजली की हिरवी होते. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट असते, स्वयंपाकघरात तापवायला ती नको. ओव्हनला ११०-१२० अंशांवर दोन तास ठेवली की पुन्हा कामाला तयार. कापडी पिशवीत भरून ठेवा, कण मोकळे सोडू नका.

तांदळात ठेवणे: निरुपयोगी, वर भुसा खोबणीत जातो. डांबरगोळ्या: त्याहून वाईट. त्यांची वाफ काही प्लास्टिकांना मऊ करते, कॅसेटीची खोकी चिकट होतात.

डब्यात बंद करण्याआधी यंत्र अर्धा तास चालवून गरम करा, थंड होऊ द्या, मग ठेवा. बंद डब्यात दमट यंत्र ठेवले तर जेल आठवड्यात संपते. वायरलेस पॅड आणि पीएसपीसारख्यांची लिथियम बॅटरी ४० ते ६० टक्के भरून ठेवावी. पूर्ण भरून नाही, रिकामी तर नाहीच. साधे सेल असतील तर काढून ठेवा.

एसीच्या खोलीतून थेट व्हरांड्यात आणलेले यंत्र लगेच चालू करू नका. थंड लेन्सवर बाहेरच्या दमट हवेचे पाणी धरते. तासभर थांबा.

रबरी मुलामा दिलेले काही पॅड आणि माऊस इथे दोन-तीन वर्षांत चिकट होतात. ती घाण नाही, मुलामाच ओलाव्याने विरघळत असतो. तो वाचवता येत नाही. अल्कोहोल आणि फडके घेऊन पूर्ण काढून टाका, खालचे प्लास्टिक ठीक असते.

समुद्रवारा

देव बरें करूं सगळ्यांना. पीएस२चे लेबल पाहिले, १२० व्होल्टच आहे. ट्रान्सफॉर्मर मिळेल. पण त्यावर चालवायच्या डिस्क भारतातल्या आहेत, त्या चालतील का? काहींच्या मागे पांढरट डागही आहेत.

कथील

डिस्कवर 'पाल' (आपल्याकडची टीव्ही पद्धत) लिहिले असेल तर अमेरिकी यंत्र तिला ओळखत नाही. आपल्याकडे अधिकृत विकल्या गेल्या त्या पाल. म्हणजे हैदराबादेत बनलेला 'हनुमान: बॉय वॉरियर' (२००९) तुमच्या यंत्रावर चालणार नाही. फार हळहळू नका, खेळ म्हणून तो बेताचाच आहे. पीएस२साठी भारतात तयार झालेला म्हणून संग्रहात ठेवायचा. तुमच्या यंत्राला अमेरिकी पद्धतीच्या, एनटीएससी, डिस्क लागतील. पाल डिस्कसाठी संगणकावर पीसीएसएक्स२ हा एम्युलेटर. त्याला तुमच्या यंत्राचा बायोस (यंत्र सुरू करणारा आतला प्रोग्राम) काढून द्यावा लागतो. डीव्हीडी ड्राइव्हने स्वतःच्या डिस्कची आयएसओ, म्हणजे अख्खी प्रत, करून चालवा. पीएसपीच्या एम्युलेटरला, म्हणजे पीपीएसएसपीपीला, बायोस लागत नाही.

डाग बुरशीचे असतील तर कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, बोटाने मधून कडेकडे. गोल गोल पुसू नका. डिस्कवरची नोंद गोल रेषेत असते, गोल ओरखडा सलग नोंद खातो, मधून कडेकडे गेलेला ओरखडा सहसा दुरुस्त होतो. चमकदार बाजूचा ओरखडा घासून घालवता येतो, पण कुठल्या डिस्कचा ते पाहा. सीडीत नोंद अगदी लेबलखाली असते, म्हणजे खालून १.२ मिमी प्लास्टिकचे संरक्षण, आणि धोका लेबलच्या बाजूने. डीव्हीडीत ती मधोमध, ०.६ मिमी खोल. ब्लू-रेत पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिमी. म्हणून पीएस४ची डिस्क घासायच्या यंत्रात कधीच देऊ नका. उजेडासमोर धरून बारीक छिद्रे दिसली तर धातूचाच थर गेला, त्याला औषध नाही.

लेन्स: वरचे झाकण काढून कापसाच्या काडीने, जेमतेम ओल्या, मधून बाहेर एक फेरा. दाबायचे नाही, लेन्स स्प्रिंगवर असते. सीडी (निळ्या पाठीच्या) वाचत नाही पण डीव्हीडी वाचते, किंवा उलटे, तर लेन्स थकली आहे. लेन्सच्या बाजूचा बारीक स्क्रू फिरवून 'ताकद वाढवा' असे सांगणारे अनेक भेटतील. वाढते, आणि महिन्याभरात उरलेली लेन्स जळते. त्यापेक्षा केएचएस-४००सी नवी बसवा. नव्या लेन्सच्या पट्टीवर स्थितिक विजेपासून बचावासाठी कथलाचा एक थेंब असतो. तो काढल्याशिवाय ती काहीच वाचत नाही. 'नवी लेन्स खराब निघाली' म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांचा हाच घोळ.

दोनशेचाळीसपी

पीएस२ला पिवळी केबल लावू नका, कंपोनंट केबल घ्या. लाल-हिरव्या-निळ्या तीन पिना चित्राला, दोन आवाजाला. तुमच्या टीव्हीला एचडीएमआयच असल्याने मध्ये कंपोनंट घेणारा कन्व्हर्टर लागेल. लावल्यावर चित्र हिरवे किंवा जांभळे आले तर केबल खराब नाही. यंत्राच्या सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये 'कंपोनंट व्हिडिओ आउट' आरजीबीवर असते, ते वाय-सीबी-सीआरवर न्या. काही खेळ यानंतर ४८०पी, म्हणजे सलग ओळींचे चित्र, देतात. गॉड ऑफ वॉरमध्ये पर्याय मेन्यूतच. ग्रान टुरिस्मो ४च्या एनटीएससी आवृत्तीत ४८०पी आणि १०८०आयही आहे, पालमध्ये ते काढलेले. तुमचे अमेरिकी यंत्र इथे वरचढ.

मैदान

आता चौघांचा प्रश्न, तो माझा विषय. पीएस२ला पॅडच्या खोबणी दोनच. चौघांना मल्टिटॅप लागतो, आणि तो दोन जातींचा: जाड्या यंत्राला एससीपीएच-१००९०, सडपातळला ७०१२०. एकाचा दुसऱ्याला बसत नाही. विकणाऱ्यांना बहुधा हे माहीत नसते, क्रमांक स्वतः वाचून घ्या. मग प्रो इव्होल्यूशन सॉकर लावा, संध्याकाळ गेलीच.

मारामारीसाठी टेकन ५. एका डिस्कवर टेकन १, २ आणि ३च्या आर्केड आवृत्त्याही आहेत. पीएस१च्या वेगळ्या डिस्क शोधायची गरजच नाही. दोघे खेळतात, हरलेला उठतो, पुढचा बसतो. मल्टिटॅपपेक्षा ही पद्धत पोरांना लवकर कळते. पण लहानांना फायटिंग देऊन मोठ्यांनी फुटबॉल घेणे हा अन्याय आहे, उलटे करा.

पीएस४वर फुटबॉल हवा तर २०२१चा फिफा २२. इंडियन सुपर लीग त्यात आली, म्हणजे एफसी गोवा घेऊन खेळता येते. पण डिस्कच शोधा. नाव बदलून नवी मालिका आली तेव्हा जुने फिफा डिजिटल दुकानांतून काढून टाकले गेले. ऑनलाइन बाजू सोडा, घरातल्या सामन्यांना सर्व्हर लागत नाही. पीएस४ला चार पॅड एकदम जोडता येतात. ज्यांना फुटबॉल नको त्यांना ओव्हरकुक्ड. एकट्याने शांतपणे काही बघायचे तर पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा 'राजी' (२०२०), हिंदू पुराणांवरचा, कॅमेरा हट्टी आहे पण भिंतीवरची चित्रे सुरेख.

जुनापीसी

संगणकाचे कुणी विचारले नाही, तरी थोडक्यात. डॉसच्या (विंडोजआधीच्या) खेळांना डॉसबॉक्स हा एम्युलेटर. खेळ फार वेगात पळाला तर कंट्रोल+एफ११, रखडला तर कंट्रोल+एफ१२. विंडोज ९५च्या काळातल्या बऱ्याच खेळांचे इन्स्टॉलर १६-बिट, ६४-बिट विंडोजवर ते उघडतच नाहीत. डिस्कवरचे फोल्डर तसेच उचलून ठेवल्याने काही खेळ चालून जातात. २००० नंतरच्या डिस्कवर सेफडिस्क या नक्कलविरोधी प्रोग्रामचे कुलूप असेल तर विंडोज १०पासून त्याचा ड्रायव्हरच बंद आहे. डिस्क खराब झाली असे समजून फेकू नका.

समुद्रवारा

पीएस४ राहिले. आवाज मिक्सरसारखा करतो. आणि मध्येच बीप वाजवून डिस्क बाहेर टाकायला बघतो, कुणी हात न लावता.

पावसाळी_पॅड

बीप: पहिल्या मॉडेलची बटणे दाबायची नाहीत, स्पर्शाची आहेत. खालचा रबरी पाय फुगून वर टेकला किंवा पट्टीवर ओलावा धरला की यंत्राला वाटते बोट लागले. इजेक्ट बटणाच्या खालच्या बाजूचा रबरी पाय काढून बघा, बहुतेकदा तिथेच सुटते.

आवाज: धूळ आणि चिपवरची उष्णता वाहून नेणारी, पण वाळलेली पेस्ट. प्लग काढून दहा मिनिटे थांबा. स्क्रूच्या मध्ये छिद्र असलेला टी९ टॉर्क्स लागतो, टी८ही बसतो. झाकण काढा, पॉवर सप्लाय सरळ वर उचला. त्याचा डबा उघडू नका, कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो. पंख्याची पाती बोटाने धरून मगच ब्रश मारा किंवा हवा सोडा. ब्लोअरने पंखा गरगर फिरू दिला तर बेअरिंग जाते. हीटसिंकच्या पत्र्यांत धुळीचे नमद्यासारखे थर असतात, मीठ मिसळलेले, ते चिमट्याने निघतात. पेस्ट बदलायची तर जुनी अल्कोहोलने पूर्ण पुसा, नवी पातळ एकसारखी पसरा. पीएस५ला हे करू नका. तिथे पेस्ट नाही, द्रवरूप धातू आहे, सांडला तर बोर्ड शॉर्ट. त्याचे फक्त बाहेरचे पत्रे काढून धूळ ओढायच्या दोन छिद्रांत व्हॅक्यूम लावा.

आत झुरळ किंवा पाल सापडली तर दचकू नका, गरम आणि काळोखी जागा त्यांना आवडते. जाळी मात्र लावू नका, हवा अडते. यंत्र जमिनीवरून उचलून उघड्या फळीवर ठेवा आणि वापर नसताना रेस्ट मोडवर न ठेवता पूर्ण बंद करा.

कथील

आणि वीज. मे अखेरीला आणि ऑक्टोबरात गडगडाट सुरू झाला की बटण बंद करून भागत नाही, प्लग काढा. नुसता कन्सोलचा नव्हे. लाट केबल टीव्हीच्या तारेतून किंवा राउटरच्या लॅनमधून टीव्हीत येते आणि तिथून एचडीएमआयमधून कन्सोलमध्ये. म्हणून गडगडाटानंतर 'यंत्र चालते पण चित्र नाही' ही तक्रार एवढी. एचडीएमआयही काढा. जोडताना दोन्ही यंत्रे बंद असताना जोडा.

अपडेट चालू असताना वीज गेली आणि पीएस४ अडकला तर पॉवर बटण सात सेकंद, दुसरा बीप येईपर्यंत, दाबून धरा. पॅड यूएसबीने जोडा, पाचवा पर्याय, 'रिबिल्ड डेटाबेस'. खेळ आणि नोंदी जात नाहीत. सहावा-सातवा पर्याय निवडू नका, त्यांत सगळे पुसते.

पॅडची काडी आपोआप सरकत असेल तर आधी कॉन्टॅक्ट क्लीनर, काडीच्या मुळाशी एक फवारा आणि पन्नास फेऱ्या. पंधरा दिवसांत परत आले तर आतली कार्बनची पट्टी झिजली. नवी काडी बसवताना हॉल सेन्सरवाली (चुंबकावर चालणारी) घ्या, त्यात घासणारे काही नसते. १९९८च्या ड्रीमकास्टच्या पॅडमध्ये हेच तंत्र होते, मग सगळे स्वस्ताईला लागले. पीएस४च्या पॅडमध्ये मात्र एका काडीला चौदा टाके काढावे लागतात. हात बसलेला नसेल तर दुकानात द्या.

समुद्रवारा

ठरले असे: गोल्डची बॅटरी याच आठवड्यात, ट्रान्सफॉर्मर आणि कंपोनंट केबल चवथीआधी, क्लोनला एव्ही. पण आता घरच्यांना बंदूकच हवी आहे. म्हापशात एक सीआरटी मिळतोय, पण दोन पावसाळे गोदामात पडून होता म्हणतात. घ्यावा?

दोनशेचाळीसपी

घ्या, पण आल्याआल्या चालू करू नका. दोन-तीन दिवस कोरड्या खोलीत पंख्याखाली ठेवा. पहिल्यांदा लावताना खोलीत अंधार करा आणि पाठीमागे कान द्या. चर्रर्र असा आवाज, ओझोनचा वास किंवा निळसर ठिणगी दिसली तर लगेच प्लग काढा. फ्लायबॅकच्या (ट्यूबला जबर व्होल्ट देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या) टोपीखाली धूळ-मीठ साचले आहे, ते मेकॅनिककडूनच साफ करून घ्या. मागचे झाकण स्वतः उघडू नका, ट्यूबवर वीस हजार व्होल्टच्या वर असतात आणि बंद केल्यावरही उरतात. चित्र आले की कोपऱ्यात जांभळे-हिरवे डाग आहेत का पाहा. असतील तर टीव्ही बंद करून अर्ध्या तासाने परत लावा, आतले डीगॉसचे, म्हणजे चुंबकीय डाग घालवणारे, सर्किट थंड असतानाच काम करते. जवळ स्पीकर असेल तर तो हलवा. विकत घेताना सोबत क्लोन आणि बंदूक घेऊन जा, बदक तिथेच मारून बघा.

पिवळीकॅसेट

आणि बंदुकीचे भिंग पुसून न्या. नळीच्या आत छोटे प्लास्टिकचे भिंग असते, त्यावर बुरशी धरली की टीव्ही चांगला असूनही प्रत्येक बार फुकट जातो. तिथे अल्कोहोल नको, कोरडे मऊ फडके पुरे.